अळंबी कोणाच्या जिवावर?

ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला आठवीत शास्त्र शिकवलं आणि एकदा वर्गाबाहेरही उभं केलं. अळंबी कोणत्या गटात मोडते, असा प्रश्न होता. पुस्तकातलं उत्तर होतं, 'हरितद्रव्य नसलेली वनस्पती'. मी म्हणालो, 'सर, ती वाळवीची शेती असते.' वर्ग हसला आणि मी व्हरांड्यात गेलो. त्याच संध्याकाळी मास्तर छत्री मिटत आमच्या खळ्यात आले. मला वाटलं, तक्रार घेऊन आले. ते आजीला म्हणाले, 'आजी, ता रोवण माका दाखवशात?' आजीने त्यांना बसवलं, चहा दिला, अळंबीचं कालवण वाटीभर पुढे ठेवलं आणि रोवणाचं नाव निघालं की ती पावसाबद्दल बोलू लागली. रोवण तिने त्यांना शेवटपर्यंत दाखवलं नाही.

घाटावरून आलेल्यांसाठी सांगतो, रोवण म्हणजे वारूळ. वारूळ म्हटलं की तुम्हाला नाग आठवतो, पण तो बिचारा भाडेकरू. घर बांधणारी वाळवी. आमच्याकडे कोकणात आणि गोव्यात सातेरी देवीच्या अनेक देवळांत गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी हे वारूळच असतं, आणि त्याला आम्ही हात जोडतो. तीच वाळवी घराच्या वाशाला लागली की मात्र रॉकेल शोधतो.

मला ही 'शेती' कुठून कळली होती? एका पावसाळ्यात आमच्या भाताच्या कुणग्याचा बांध ढासळला आणि आत रोवणाचं पोट उघडं पडलं. मुठीएवढ्या पोकळीत अक्रोडाच्या गरासारखा वळ्यावळ्यांचा, तपकिरी, भुसभुशीत गोळा होता. त्यावर खसखशीएवढे पांढरे मणी. आजीने गोळा उचलला नाही. माझा हात धरून बोट त्या मण्यांवर हलकं टेकवलं आणि ओली माती पुन्हा वर लोटली. तो गोळा म्हणजे वाळवीने चावून, पचवून, लिंपून रचलेला पाल्यापाचोळ्याचा वाफा. त्यावर बुरशी वाढते आणि न पचणारं लाकूड पचण्याजोगं करते. पांढरे मणी ही त्या बुरशीची फळं. वाळवी ती खाते, जुना झालेला वाफाही खाते आणि वर नवा लिंपत जाते. हा व्यवहार सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाला. माणसाची शेती दहा-बारा हजार वर्षांची. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ साली या बुरशीच्या कुळाला टर्मिटोमायसिस असं नाव दिलं. म्हणजे नावातच वाळवी आली. कोकण-गोव्यात आपण ज्या अळंबीसाठी जीव टाकतो, ती बहुतेक याच कुळातली. विदर्भातल्या बाजारात सात्या, टेकोडे अशा नावांनी जी रानअळंबी येते, तिच्यातही ही असते.

आणि हो, बुरशी वनस्पती नव्हे हे आता सगळेच मानतात. वंशावळीत ती झाडांपेक्षा प्राण्यांना, म्हणजे तुम्हाआम्हाला जवळची. मास्तर असते तर मला आत घेतलं असतं.

आता आजच्या विषयाकडे येतो. रानातली खायची अळंबी वर्षानुवर्षं मिळत राहावी, तर रान कसं राखावं? या विषयावरच्या कुठल्याही बैठकीत पहिला प्रश्न येतो तो असा: लोकांनी किती तोडावी? माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्न दुसरा किंवा तिसरा असायला हवा. पहिला प्रश्न, ही अळंबी कोणाच्या जिवावर जगते? कारण छत्री हे फक्त फळ. झाड जमिनीखाली असतं, धाग्याधाग्यांचं. आणि ते धागे एकटे राहत नाहीत. कोणी वाळवीच्या घरात राहतात, कोणी जिवंत झाडाच्या मुळाशी सोयरीक करतात. काही मेलेल्या ओंडक्यांवर गुजराण करतात. त्यांचं सोपं आहे: ओंडके रानातच पडू द्या. आज मी पहिल्या दोघांबद्दलच बोलतो.

तोडण्याचा प्रश्न मात्र आधी उरकून घेऊ, नाहीतर तो पुन्हा पुन्हा डोकं वर काढील. स्वित्झर्लंडमध्ये फ्रीबुर्ग परगण्यात ला शानेआ नावाचं संरक्षित रान आहे. तिथे १९७५ पासून २००३ पर्यंत, तब्बल २९ वर्षं, संशोधकांनी रानाचे तुकडे पाडून एक सरळ प्रयोग केला. काही तुकड्यांत सगळी भूछत्रं तोडली, काहींत अजिबात हात लावला नाही. कुठे मुळापासून उपटली, कुठे सुरीने कापली. २००६ साली निष्कर्ष छापून आला: तोडल्याने पुढच्या वर्षांचं पीक कमी झालं नाही, आणि उपटणं-कापणं यानेही फरक पडला नाही. फरक पडला तो चालण्याने. जिथे माणसं पायांनी जमीन तुडवत होती, तिथे भूछत्रं कमी उगवली. हे लक्षात आल्यावर त्यांनी लाकडी फळ्यांच्या पायवाटा उभारून वरून चालत तोडणी केली. तोडणारा हात निर्दोष सुटला, पाय अडकले.

हा निष्कर्ष ऐकून तोडणारे खूश होतात. मीही झालो होतो. पण तो प्रयोग युरोपातल्या रानात झाला. वाळवीच्या अळंबीला तो जसाच्या तसा लावता येत नाही. का ते पुढे सांगतो.

आधी झाडांचे सोयरे. ही सोयरीक कशी उघडकीस आली, तो किस्सा गमतीचा आहे. प्रशियाच्या सरकारला देशात ट्रफल पिकवायचे होते. ट्रफल म्हणजे जमिनीखाली उगवणारं, श्रीमंतांच्या ताटातलं महागडं कवक. त्यांनी आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या वनस्पतिशास्त्रज्ञाला कामाला लावलं. फ्रांकला ट्रफलची शेती काही जमली नाही. पण ओक, बीच, चीड यांची मुळं तपासताना त्याला दिसलं की मुळांच्या टोकांवर बुरशीचं मोजे घातल्यासारखं आवरण असतं. ही बुरशी रोग नसून मुळांना पोसते, असं त्याने मांडलं आणि १८८५ साली या जोडीला मायकोरायझा, म्हणजे 'बुरशी-मूळ', असं नाव दिलं. झाड साखर देतं, बुरशी मातीतलं फॉस्फरस-नत्र आणून देते. सरकारी हुकमाने नको ते सापडावं आणि तेच कामाचं ठरावं, हे विज्ञानात नेहमीचं.

या सोयरिकीचं सगळ्यात जास्त शहाणपण शिकवणारं उदाहरण जपानचं आहे, म्हणून तिथे थोडा जास्त वेळ थांबतो.

मात्सुताके हे जपानी माणसाचं शरद ऋतूतलं अपूर्वाईचं खाणं. लाल चीडाच्या मुळाशी उगवतं, वास दालचिनीसारखा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानची खेडी ज्या टेकड्यांना लागून वसलेली होती, तिथलं रान गावाच्या रोजच्या वापरातलं होतं. बायका-माणसं चुलीसाठी फांद्या तोडत, भाताच्या खाचरांना खत म्हणून पाला ओढून नेत, कोळसा पाडत. अशा गावरानाला ते सातोयामा म्हणतात. या सततच्या उचलीने माती हलकी, उघडी, कसहीन राही. लाल चीडाला नेमकी हीच माती मानवते, आणि मात्सुताकेलाही. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला देशभरातून वर्षाला सुमारे १२ हजार टन मात्सुताके निघत.

मग घरात गॅस आला, शेतात पोत्यातलं खत आलं. पाला न्यायला कोणी रानात जाईना. पाचोळा साठला, मातीला कस आला, रुंद पानांची झाडं वर आली, चीडावर सावली पडली. त्यातच उत्तर अमेरिकेतून आलेल्या एका सूत्रकृमीने चीड उभेच्या उभे वाळवले. आता जपानचं उत्पन्न वर्षाला १०० टनांच्याही खाली आहे. २०२० साली मात्सुताके आंतरराष्ट्रीय लाल यादीत असुरक्षित म्हणून नोंदलं गेलं.

ही घसरण तोडणाऱ्यांमुळे झाली नाही. रान तोडल्यामुळेही झाली नाही, लोक रानात जायचे थांबल्यामुळे झाली. क्योटोजवळ निवृत्त माणसं आठवड्याच्या सुट्टीला दाताळी घेऊन टेकडीवर चढतात, पाचोळा ओढतात, झुडपं काढतात. आपल्या हयातीत मात्सुताके उगवेल याची खात्री कोणालाच नाही.

आता याच दाताळ्याचं दुसरं टोक बघा. अमेरिकेत ओरेगॉनच्या रानात मात्सुताकेची चुलत बहीण उगवते आणि नव्वदच्या दशकात जपानी बाजारामुळे तिथे तोडणाऱ्यांची झुंबड उडाली. कोवळ्या, मिटलेल्या कळीला भाव जास्त, म्हणून लोक जमिनीखालच्या कळ्या शोधायला दाताळ्याने माती खोल उकरू लागले. वनखात्याच्या संशोधकांनी चाचणी केली तेव्हा दिसलं की नीट तोडलं तर फरक पडत नाही, वरवर उकरून पाला परत पसरला तरी फारसा पडत नाही. पण खोल उकरून जागा उघडी टाकली तर पीक अनेक वर्षं उठत नाही. दाताळं एकच. जपानमध्ये ते वरचा कोरडा पाला नेतं आणि अळंबीला जगवतं, ओरेगॉनमध्ये ते धाग्यांच्या थरात शिरतं आणि तिला मारतं. म्हणून सरसकट नियम करणाऱ्यांचं मला भय वाटतं. इटलीत १९९३ च्या कायद्याने माणशी दिवसाला ३ किलोची मर्यादा घातली आहे. गर्दी आवरायला ठीक. पण अळंबी किलोने मोजायची वस्तू आहे असं एकदा ठरलं की दाताळं कोणी तपासत नाही.

झाडं विरळ करण्याचंही असंच. स्पेनमध्ये कॅटलोनियातल्या चीडाच्या रानात काही झाडं काढली, तर तिथल्या आवडत्या केशरी दुधी भूछत्राचं पीक लगेच वाढलं. ओरेगॉनमध्ये कोवळ्या डग्लस फरच्या रानात जोरात विरळणी केली, तर शँतरेल हे पिवळं भूछत्र आधी घटलं आणि सावकाश परतलं. एक गोष्ट दोन्हीकडे खरी: जिवंत झाड उभं राहिलं पाहिजे. सगळी झाडं एकदम गेली की मुळांवर बसलेली बुरशी उपाशी मरते, आणि नवी रोपं मोठी होईपर्यंत तिथे छत्री उगवत नाही.

आपल्याकडे याचं उदाहरण साल वृक्षाच्या रानात आहे. बस्तरच्या हाटात मिरगाचा पाऊस पडला की 'बोडा' येतो, झारखंडात त्यालाच 'रुगडा' म्हणतात. सुपारीएवढा, चिखलाने माखलेला गोटा. बाई काडीने सालाखालची माती जराशी खरवडते, जमिनीला तडा दिसला की तिथे बोट घालते. चिरल्यावर आत पांढरा निघाला तर खायचा, काळपट झाला तर टाकायचा. सुरुवातीच्या आठवड्यात त्याचा भाव मटणाला मागे टाकतो. हा बोडा सालाच्या मुळांचा सोयरा आहे. साग त्याला चालत नाही. सागाची मुळं दुसऱ्याच घराण्यातल्या बुरशीशी जोडलेली असतात आणि त्या बुरशीचं जमिनीवर काहीच उगवत नाही. म्हणजे सालाचं रान काढून सागाचं केलं, तर वनखात्याच्या वहीत रान तेवढंच राहतं, हिरवं राहतं, आणि बोडा संपतो. १९७०च्या दशकात बस्तरमध्ये याहून मोठा बेत होता. सालाचं रान तोडून कागदाच्या लगद्यासाठी उष्ण प्रदेशातले पाइन लावायचे. आदिवासींच्या विरोधानंतर तो गुंडाळला गेला. त्या वादात बोड्याचा मुद्दा कागदावर कुठे आला असेल असं मला वाटत नाही. पण हाटात बसणाऱ्या बाईला काय जाणार होतं ते पक्कं ठाऊक असणार.

आता पुन्हा रोवणाकडे. वाळवीच्या अळंबीला हात लावताना स्विस निष्कर्ष का पुरत नाही, ते सांगायचं राहिलं.

पहिल्या पावसाबरोबर पंख फुटलेली वाळवी उडते. दिव्याभोवती पंख गळून पडतात, ते सगळ्यांनी पाहिलंय. एखादी जोडी जमिनीत शिरते, नवं घर मांडते. पण या जोडीकडे बुरशीचं बी नसतं. बहुतेक जातींत आईबाप बियाणं बरोबर आणतच नाहीत. पहिली कामकरी पिलं दोनएक महिन्यांनी बाहेर पडतात, तेव्हा त्यांनी रानातून पाल्याबरोबर बीजाणू गोळा करायचे असतात. आणि ते बीजाणू कुठून येतात? आसपासच्या जुन्या रोवणांवर त्याच पावसाळ्यात उघडलेल्या छत्र्यांतून. निसर्गाने पेरणी आणि वाफसा असा जुळवून ठेवला आहे. आपण काय करतो? आर्द्रा-पुनर्वसूत पहाटे रोवणावर पोचतो आणि मिटलेली कळी काढतो, कारण गिऱ्हाईक कळीच मागतं. महामार्गाच्या कडेला सागाच्या पानावर वाटे लावलेले असतात, त्यात उघडलेली छत्री शोधावी लागते. उघडलेलीला भाव नाही, म्हणून कोणी ती उघडेपर्यंत थांबत नाही. जुन्या रोवणाला याने काही होत नाही, पुढच्या वर्षी ते पुन्हा देतं. पण नवीन रोवण कमी बसत असतील, तर ते आपल्याला वीस-पंचवीस वर्षांनी कळेल. आजी दर रोवणावर दोन-चार छत्र्या तशाच उभ्या ठेवायची. 'देवीक', म्हणायची. बाकीच्या काढताना मला बजावायची, 'हळू काड रे. मूळ थंयच रवांदे.'

ते मूळ म्हणजे खालच्या वाफ्यापासून वर आलेला लांब दांडा, कधी हातभर. तो ओढला की खालचा वाफा ढळतो. लोभापायी कुदळीने रोवण फोडणारे मी पाहिलेत. त्यांना एकदाच मिळतं.

पण कुदळही आता लहान गुन्हेगार वाटते. आमच्या घराण्याच्याच जमिनीत घडलेलं सांगतो. डोंगर उतरणीवर काजूची कलमं लावायची म्हणून पोकलेन आणलं. मी तेव्हा मुंबईत. चुलतभावाने फोनवर सांगितलं, 'जमीन ताटासारखी केली.' त्या ताटात आजीची तीन रोवणं होती. पुढच्या पावसाळ्यात गेलो तेव्हा एका जागी मातीतून काळी, बोटभर कांडी वर आली होती, टोकाला पांढरट पूड. वाळवी गेली की तिच्या बेवारस वाफ्यावर दुसरीच बुरशी माजते, तिची ती कांडी. वाळवी जिवंत असेतो ती हिला खुरपून काढत असते. मी ती कांडी बराच वेळ बघत उभा राहिलो. चुलतभावाने विचारलं, ही खातात काय?

त्याला दोष कसा देऊ? कलमांना वाळवी लागते म्हणून आळ्यात क्लोरपायरीफॉस ओतायचा सल्ला त्याला कृषी दुकानदार देतो. शिवाय रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं रान बहुतांशी खाजगी मालकीचं आहे. इथे वनखात्याची आखणी लागू होत नाही. मालकाला पैशाची नड आली की ठेकेदार एका मोसमात डोंगर बोडका करतो, नंतर काजू, रबर किंवा अननस. अळंबी वेचायला मात्र पूर्वीपासून कोणीही कोणाच्याही रानात जात आलाय. ज्याची जमीन त्याला अळंबीचं उत्पन्न नाही, आणि ज्याला उत्पन्न त्याची जमीन नाही. राखायचं कोणी?

गडचिरोलीत याला निदान एक वाट सापडली आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. गाव बांबू विकतं, नियम ग्रामसभा ठरवते. हाच कायदा गौण वनोपजाची व्याख्या करताना 'वनस्पतीजन्य' असा शब्द वापरतो आणि त्याच दमात मध, मेण, लाख, टसर ही नावं घेतो. मध वनस्पतीजन्य, लाख वनस्पतीजन्य! अळंबीचं नाव त्या यादीत नाही, पण इतक्या उदार वनस्पतिशास्त्रात ती सहज बसेल. मला मोलाचं वाटतं ते हे की अशा ग्रामसभेला बोड्याखालचा साल राखायचा की काढायचा, वणवा कुठे अडवायचा, तोडणी कोणत्या दिवसांत बंद ठेवायची, हे स्वतः ठरवता येतं. तिथे नियम करणारे आणि रोज रानात जाणारे पाय एकाच माणसांचे असतात.

आमच्याकडे तसं सामूहिक रान फारसं नाही. म्हणून गेली काही वर्षं मी दोन लहान गोष्टींच्या मागे आहे. एक, पाणलोटाचे चर किंवा बागेची आखणी करताना रोवणाभोवती चार-पाच हात जागा सोडायची आणि यंत्र येण्याआधी तिथे खुंट मारायचा. खुंट फुकट असतो. रोवणाभोवतीचा पाला राब भाजायला नेऊ नये, एवढी भर त्यात घालतो, कारण तो वाळवीचा शिधा आहे. जपानी म्हाताऱ्यांनी ओढून नेलेला पाला चीडाच्या कामाचा होता, आमचा पाला जागेवर राहिलेलाच कामाचा. दुसरी गोष्ट, जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीला लोकांची जैवविविधता नोंदवही करायची असते, तिच्यात रोवणं नोंदवायची. कुठल्या वाडीत किती, कोणत्या नक्षत्रात कोणती अळंबी, गेल्या वर्षी आली का.

पहिली गोष्ट थोडीफार चालली. दुसरीसाठी एका वाडीत सभा घेतली. बायका आल्या, भरपूर बोलल्या. कोणती अळंबी आधी येते, कोणती भातावर चांगली लागते, कुठल्या रोवणावर दोन मोसम काहीच आलं नाही, सगळं सांगितलं. मी नकाशा पसरला आणि जागा विचारल्या, तर खोलीत शांतता. शेवटी कोपऱ्यातल्या एका म्हातारीने पदर सावरला आणि म्हणाली, 'लिवा बाबा. पण खंय असा ता लिवू नकात.'

वहीतला तो रकाना अजून कोरा आहे. मास्तर असते तर त्यांना मी तेवढंच दाखवलं असतं.